पक्षाची किल्ली सभासदांच्या वहीत

(उकवा येथे पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीत आम्ही केलेले भाषण)



आपण आज आम्हांस उकव्यास बोलाविले ते एका गाऱ्हाण्यासाठी, ह्याचा आम्हांस आनंद वाटतो. सत्काराच्या सभेत कोणी काही शिकत नाही. गाऱ्हाण्याच्या सभेत निदान शिकण्याची इच्छा तरी असते. आपले गाऱ्हाणे थोडक्यात असे : सभेच्या सतरंज्या आपण घालावयाच्या, भिंती आपण रंगवावयाच्या, मतदाराला घराबाहेर आपण काढावयाचे, आणि उमेदवार कोण, तालुक्याचा अध्यक्ष कोण, हे मात्र भोपाळास नाहीतर दिल्लीस ठरावयाचे. आपणांस ते कळते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. येथे जमलेली मंडळी एकाच पक्षाची नाहीत, तथापि गाऱ्हाणे सर्वांचे एकच आहे. ह्यावरून उघड दिसते की, हा दोष कोणा एका पुढाऱ्याच्या स्वभावाचा नसून पक्षांच्या घडणीचा आहे.

मग करावे काय? कोणी म्हणतो, पक्ष सोडावा. कोणी म्हणतो, नवा काढावा. वडीलधारी मंडळी सांगतात, गप्प बसावे. वेळ आली म्हणजे वरचे आपली आठवण काढतील. आमचे मत ह्या तिन्हींहून वेगळे आहे. पक्ष बदलावयाचा तर तो खालून, सभासदांच्या वहीपासून बदलावा लागतो. ती वही ज्याच्या हाती, त्याचा पक्ष. हे आम्ही हवेत बोलत नाही. एका फार मोठ्या पक्षाच्या बाबतीत हे आपल्या शेजारी, नागपुरातच, एकदा सिद्ध झालेले आहे.

सुरतेची हार

१९०७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास भरावयाचे होते. परंतु नागपुरात टिळकपक्षाचे बळ मोठे, अध्यक्षपदासाठी लोकमान्यांचे नाव पुढे येणार, अशी चिन्हे दिसताच नेमस्तांनी ते सुरतेस हलविले. सुरतेच्या मंडपात जोडा कसा उडाला आणि काँग्रेस कशी दुभंगली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आपल्या कामाचा भाग तोच आहे.

१९०८ च्या एप्रिलात नेमस्त अलाहाबादेस जमले आणि त्यांनी काँग्रेसला नवी घटना दिली. ध्येयपत्रिका मान्य केल्यावाचून प्रवेश नाही, आणि प्रतिनिधी निवडावयाचे ते ठराविक समित्यांनी व संस्थांनीच, असा बंदोबस्त झाला. मंडपातील दंग्याने जे साधले नव्हते ते दोन कलमांनी साधले. टिळकपक्ष घराबाहेर राहिला. त्याच वर्षी जुलैत लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले.

१९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले. त्या वेळी प्रतिस्पर्धी काँग्रेस काढणे त्यांना काही अवघड नव्हते. लोक त्यांच्यामागे होते. परंतु त्यांनी तो मार्ग धरला नाही. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधी निवडण्याचे नियम सैल झाले, दार किलकिले उघडले. १९१६ च्या एप्रिलात बेळगावास प्रांतिक परिषद भरली. तिने काँग्रेसमध्ये परत जाण्याचा ठराव केला, आणि त्याच मुक्कामी होमरूल लीगची स्थापना झाली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. ह्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी व्हाव्यात ह्यात योगायोग नव्हता. घरात परत जावयाचे ते भिक्षेकरी म्हणून नव्हे, मागे माणसे उभी करून, हा त्यातील हिशेब होता.

ती माणसे कशी उभी राहिली? लीगच्या सहा शाखा होत्या. त्यांत मध्यप्रांताची एक आणि वऱ्हाडच्या दोन. लोकमान्यांनी बेळगाव, अहमदनगर अशा ठिकाणी व्याख्याने दिली ती मराठीत, बाजारपेठेतल्या माणसास कळतील अशा दाखल्यांनी. सभासद नोंदले जात होते. १९१७ च्या एप्रिलात त्यांची संख्या सुमारे १४,००० होती, १९१८ च्या आरंभी ती सुमारे ३२,००० झाली. १९१६ च्या डिसेंबरात लोकमान्य लखनौच्या अधिवेशनास गेले ते अशा नोंदलेल्या माणसांचे बळ घेऊन.

आता दुसरी बाजू पाहा. १९१८ साली नेमस्त काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांनी आपला लिबरल फेडरेशन हा वेगळा पक्ष काढला. विद्वत्तेत ते कोणास हार जाणारे नव्हते. परंतु त्यांच्याजवळ गावोगावची वही नव्हती. घर सोडले ते सुटलेच; पुन्हा ते त्यांच्या हाती आले नाही. पक्ष सोडण्याच्या गोष्टी करणाऱ्या तरुणांनी ह्या दोन उदाहरणांचा ताळा मांडून पाहावा.

नागपूरची घटना

१९२० च्या डिसेंबरात काँग्रेस नागपुरास भरली. १३ वर्षांपूर्वी जे अधिवेशन नागपूरकरांच्या हातून काढून घेतले होते, ते असे परत आले. लोकमान्य त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला गेले होते. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते, आणि प्रतिनिधी जमले होते १४,००० हून अधिक. असहकाराचा ठराव गाजला. पण त्याच मंडपात एक कोरडा वाटणारा कागद मंजूर झाला, आणि आमच्या मते काँग्रेस खऱ्या अर्थाने बदलली ती त्या कागदाने. तो कागद म्हणजे पक्षाची नवी घटना.

तीत काय होते? सभासदत्वाची वर्गणी चार आणे. मजुराला परवडेल आणि तरीही त्याने स्वतःच्या कनवटीचे काढून द्यावे, अशी ती रक्कम. खाली गावाची समिती, तिच्यावर तालुक्याची, मग जिल्ह्याची, मग प्रांताची, अशी उतरंड. प्रतिनिधी लोकसंख्येच्या प्रमाणात, ५०,००० माणसांमागे एक. ज्याला रेल्वेचे भाडे परवडते तो प्रतिनिधी, ही जुनी तऱ्हा संपली. वर्षभर काम चालविण्यास १५ जणांची कार्यकारिणी. ही घटना प्रामाणिकपणे राबविली तर तिच्यातूनच स्वराज्य साधेल, असा गांधीजींचा विश्वास होता. तीन दिवस भाषणे करून घरी जाणारी संस्था बारमाही झाली.

१९२१ मध्ये बेझवाड्यास संकल्प सुटला : १ कोटी सभासद, १ कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड, २० लाख चरखे. फंडाचा आकडा पुरा झाला, सभासदांचा झाला नाही. ह्यातही एक धडा आहे. पैसा मोठ्या शहरांत थोड्या दारी गोळा होतो. माणूस मात्र दारोदार गेल्यावाचून मिळत नाही.

भाषेचा प्रश्न

त्या घटनेने प्रांत भाषेवर पाडले. इंग्रज सरकारचा मध्यप्रांत एक होता, पण काँग्रेसने त्यात मराठीचा प्रांत नागपुरास आणि हिंदुस्थानीचा प्रांत जबलपुरास, असे वेगळे केले. वऱ्हाड निराळा. बालाघाट हिंदुस्थानी प्रांतात गेला. पुढे १९५६ साली आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. त्या वाटणीचा न्याय-अन्याय सांगण्यास आम्ही आज उभे नाही. परंतु त्यामागचे तत्त्व आपण उचलले पाहिजे. सभासदाशी त्याच्या भाषेत बोलल्यावाचून पक्ष त्याचा होत नाही, हे ते तत्त्व.

ते तत्त्व प्रांताशी थांबत नाही, मोहल्ल्यापर्यंत येते. ह्या मुलखात मराठी आहे, हिंदी आहे, पोवारी आहे, गोंडी आहे. मराठी माणसाला आपल्या शाखेचे इतिवृत्त समजेल अशा भाषेत हवे असेल, तर गोंडी बोलणाऱ्या सभासदालाही ते समजावून सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. आपल्याला हवा तो मान दुसऱ्यास नाकारणारी शाखा चार घरांची राहते, आणि चार घरांच्या शाखेस भोपाळात कोणी विचारीत नाही.

त्रिपुरीचा इशारा

एकदा मते मिळविली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी जबलपूरजवळचे त्रिपुरी आहे. १९३९ च्या जानेवारीत देशभरच्या प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना पट्टाभी सीतारामय्यांविरुद्ध २०० हून अधिक मतांनी अध्यक्ष निवडले. वरिष्ठांची इच्छा वेगळी होती. मार्चमध्ये त्रिपुरीस अधिवेशन भरले, तेथे पंत ठरावाने अध्यक्षाचे हात बांधले गेले, आणि एप्रिलात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मतपेटीत जिंकलेले संघटनेत हरले. दोष कोणाचा, हा वाद अजून संपलेला नाही. आपल्यापुरता बोध एवढाच की, एका दिवसाचे मत आणि बारा महिन्यांची संघटना ह्यांत संघटना भारी पडते.

आजचा कायदा

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आता कायदा आहे. कायदा काय देतो ते पाहू. १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदार-खासदार पक्षादेशाला बांधला गेला. पण तो आदेश देणारे पक्षात कसे निवडून येतात, ह्यावर ती गप्प आहे. १९८९ पासून पक्षांची नोंदणी निवडणूक आयोगाकडे होते. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ साली केली; ती कायद्यात उतरली नाही. जर्मनीच्या राज्यघटनेत पक्षांची अंतर्गत रचना लोकशाहीची असावी, असे १९४९ पासून लिहिलेले आहे. आपल्या राज्यघटनेत तसे कलम नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. पक्षाच्या गावशाखेला मात्र तिच्या सभासदांखेरीज कोणी वाली नाही.

आमची चूक

येथे आम्हांस आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. तरुणपणी आम्ही एका पक्षाचे सभासद झालो. वर्गणी दिली, पावती जपून ठेवली, आणि बोलावण्याची वाट पाहत बसलो. दोन वर्षांनी सहज दप्तर पाहावयास मिळाले, तो त्यात शाखेच्या चार सभा झालेल्या! चारही ठिकाणी आमची सही, आणि ती आमच्या हातची नव्हे. अध्यक्ष ‘एकमताने’ निवडले गेले होते, आणि त्या एकमतात आम्हीही होतो. प्रथम आम्हांस त्या लबाडीचा संताप आला. पुढे ध्यानी आले की, दोन वर्षांत आम्ही एकदाही ‘सभा केव्हा आहे?’ असे विचारले नव्हते. आमची जागा आम्ही रिकामी सोडली; दुसऱ्याने ती भरली.

चार कामे

म्हणून आम्ही आपणांस चारच कामे सांगतो. पहिले, वही खरी करा. दारोदार जाऊन प्रत्येक नाव पडताळा. मेलेले, गाव सोडून गेलेले आणि कधी नव्हतेच असे, सर्व काढा. प्रत्येकाची वर्गणी त्याची त्याने द्यावी. एका धनिकाने ३०० जणांची भरली तर ते ३०० सभासद त्याचे, पक्षाचे नव्हेत.

दुसरे, महिन्यास एक सभा, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. खाणीतल्या माणसाची पाळी पाहून वेळ ठेवा. बायामाणसांना येता येईल अशी जागा निवडा. पुढाऱ्याच्या ओसरीवर सभा ठेवली की अर्धे गाव दाराशीच थांबते. इतिवृत्त तेथल्या तेथे वाचून सह्या घ्या.

तिसरे, जमाखर्च भिंतीवर लावा. रक्कम लहान असली तरी लावा. हिशेब मागण्याचा हक्क लहान रकमेवरच शिकावा लागतो.

चौथे, तालुक्यास प्रतिनिधी पाठवाल तो लेखी ठराव देऊन पाठवा, आणि परत आल्यावर त्याच्याकडून जबानी घ्या. काय मांडले, कोणी विरोध केला, काय ठरले. जो सांगणार नाही, त्याला पुढच्या खेपेस पाठवू नका. उमेदवाराचे नावही असेच सुचवा : उघड सभेत, गुप्त मतदानाने, आकड्यांसह.

मघाशी एका वृद्ध सभासदांनी विचारले, ‘वरच्यांनी एका कागदाने आमची समितीच बरखास्त केली तर?’ प्रश्न खरा आहे, आणि तसे होतेही. आम्ही खोटा धीर देणार नाही. समिती बरखास्त होईल. कदाचित दोनदा होईल. परंतु एकमेकांस ओळखणारे, वर्गणी देणारे, महिन्याच्या महिन्यास भेटणारे ३०० सभासद कोणत्याही कागदाने बरखास्त होत नाहीत. निवडणुकीच्या दिवशी वरच्यांना ह्याच ३०० दारांवर यावे लागते. ह्या कामात तिकीट मिळेल असेही आम्ही सांगत नाही. बहुधा मिळणार नाही. सतरंजी पुन्हा आपणांसच घालावी लागेल. पण तीवर कोण बसणार, हे विचारण्याचा अधिकार आपला राहील.

आपल्या गावाखाली मँगनीज आहे. पोलाद करणाऱ्या भट्ट्यांना ते लागते, आणि ते काढावयास माणसास खोल उतरावे लागते. उतरण्यापूर्वी हजेरी लागते, आणि वर येताना मोजदाद होते, कारण एक माणूस कमी भरला तर सारी खाण थांबून त्याचा शोध घेते. आपल्या पक्षाच्या शाखेत एवढी तरी मोजदाद असावी. सभासद सभेस आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जावे आणि विचारावे, ‘भाऊ, का आला नाहीस?’ हे विचारण्याची रीत ज्या शाखेत पडली, ती शाखा जिवंत झाली असे समजावे.

सुरतेपासून नागपुरापर्यंत १३ वर्षे लागली. आपणांस एक तालुका सुधारावयाचा आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या सभेचा दिवस आज उठण्यापूर्वी ठरवा, वहीत लिहा, आणि त्याखाली प्रत्येकाने आपल्या हाताने सही करा.