आधी पाऊल, मग उमेद



मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, माहुल नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला तिवरांनी वेढलेली खाडी. या खाडीवर पोट असलेल्या मच्छीमाराच्या उठण्याची वेळ भिंतीवरचे घड्याळ ठरवीत नाही. ती भरती-ओहोटी ठरवते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे चारला निघणारी होडी चार दिवसांनी सकाळी सातच्या पुढे निघते. उधाण असो वा भांग, पाणी कोणासाठी खोळंबत नाही. मच्छीमाराचे मन त्या दिवशी प्रसन्न आहे की खिन्न, याची चौकशी खाडी करीत नाही. तो उठतो, जाळे उचलतो, होडीत पाय ठेवतो. मन त्याच्यामागून येते. कधी किनारा सुटल्यावर, कधी पहिले जाळे ओढल्यावर. एखाद्या दिवशी ते येतही नाही, पण होडी निघालेली असते.

मन मागून येते ही साधी गोष्ट आज नीट समजून घ्यायची आहे. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे एक माणूस असते, की ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे हाच दिवसाचा सर्वांत मोठा डोंगर वाटतो. कधी ती नोकरी सुटलेल्या तरुणाची अवस्था असते, कधी सेवानिवृत्त आजोबांची, कधी बाळंतपणानंतरच्या सुनेची, तर कधी परीक्षेत अपयश आलेल्या मुलीची. घरचे लोक काय म्हणतात? "सूर्य डोक्यावर आला, अजून लोळतोय!" किंवा थोडे समजूतदार असतील तर, "जरा उत्साह आण, सगळे ठीक होईल." पहिल्या वाक्यात अपमान आहे, दुसऱ्यात माया आहे, पण दोन्ही वाक्यांत एकच चूक आहे. उत्साह आधी येईल आणि मग माणूस उठेल, असे दोन्ही गृहीत धरतात.

आळस आणि खिन्नता यांतला भेद प्रथम ओळखला पाहिजे. आळशाला अंथरुणात सुख लाभते. खिन्न माणसाला अंथरुणातही सुख नसते. तो पहाटे तीन-चारलाच जागा झालेला असतो, छताकडे पाहत असतो आणि येणाऱ्या दिवसाचे ओझे मोजत असतो. तीव्र नैराश्यात अनेकांचे मन सकाळी सर्वाधिक जड असते आणि संध्याकाळकडे थोडे हलके होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. सायंकाळी चार शब्द बोलणारा माणूस सकाळी दगडासारखा का पडून राहतो, असा संशय घरच्यांना येतो. त्यात ढोंग नसते. आजाराचे स्वरूपच तसे असते.

हे दुखणे विरळही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले असते आणि अशा रुग्णांपैकी दहांमागे आठांहून अधिक जण उपचारांच्या कक्षेबाहेर राहतात. एवढ्या लोकांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. मग करायचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात शोधले गेले. तेथील 'संगत' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्य केंद्रातील सुधारित नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक लोक होते. या भेटींचा गाभा रुग्णाला हळूहळू कृतीकडे नेणे हा होता. आंघोळ, दारापर्यंत जाणे, शेजारणीशी दोन शब्द, सुटलेले एखादे काम पुन्हा हाती घेणे, अशा लहान गोष्टी ठरवायच्या, त्या करायच्या आणि केल्यावर मनाला काय वाटले ते पाहायचे. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१६ मध्येच इंग्लंडमधील ४४० रुग्णांच्या एका अभ्यासातही कृतीवर भर देणारी ही पद्धत अधिक खर्चिक मानसोपचारापेक्षा उणी ठरली नाही.

यामागचे कारण सोपे आहे. मन खिन्न झाले की माणूस कामे सोडतो. कामे सुटली की दिवसातले लहान-लहान आनंद आणि 'आपल्याला काही जमते' ही भावना, दोन्ही आटतात. ती आटली की मन अधिक खिन्न होते. हे चक्र विचाराच्या बाजूने तोडणे कठीण असते, कारण विचार करणारे मनच थकलेले असते. कृतीच्या बाजूने मात्र त्याला हात घालता येतो. पाय जमिनीवर टेकवायला मनाची संमती लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी सकाळची जी रचना केली, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले तर तिचे शहाणपण उमगते. जाग आल्यावर प्रथम स्वतःचे तळहात पाहायचे, मग भूमीला नमस्कार करून पाऊल ठेवायचे, मग अंगणात सडा, तुळशीला पाणी. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात प्रपंची माणसाची दिनचर्या सांगितली, तीही प्रातःकाळी उठण्यापासून एकामागून एक करायच्या साध्या कामांची आहे. यातली एकही कृती उत्साहाची वाट पाहत नाही. भूपाळी, काकडआरती, दारात येणारा वासुदेव हे सगळे माणसाला बाहेरून हाक मारणारे. गीतेचा पहिला अध्यायही 'अर्जुनविषादयोग' म्हणूनच ओळखला जातो. गांडीव हातातून गळून पडलेला, अंग थरथरणारा वीर हतबल होऊन रथात बसतो. भगवंत त्याला एकदा टोचतात, हे खरे. पण तेवढ्यावर न थांबता पुढचे सतरा अध्याय त्याच्याजवळ राहून त्याच्याशी बोलतात. एका वाक्यात उठविण्याची घाई असलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पुन्हा माहुलकडे येऊ. कोळीवाड्याजवळच माहुलची दुसरी वस्ती आहे. सात मजली इमारतींची, हजारो लहान घरांची. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यावर, विशेषतः २०१७ मध्ये, तेथील अनेक कुटुंबांना येथे आणले गेले. डोक्यावर पक्के छप्पर आले; पण सकाळ हरवली. मुलांची शाळा जुन्या वस्तीजवळ राहिली, बायकांची घरकामे तिकडेच राहिली, ओळखीचा दवाखाना आणि वाणी मागे राहिले. सकाळी सातला हाक मारणारी शेजारीण दुसऱ्या इमारतीत गेली. त्यातच कारखान्यांच्या छायेतली हवा. या परिसरातील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदविले होते.

माणसाला अंथरुणातून बाहेर ओढणारे अनेक अदृश्य दोर असतात. शाळेची वेळ, कामाची घंटा, वाट पाहणारी मैत्रीण, दूधवाल्याची हाक. हे दोर एकाच दिवशी कापले गेले तर धट्टाकट्टा माणूसही खचतो. अशा माणसाला केवळ "मनाने खंबीर राहा" असा उपदेश करणे हा अन्याय आहे. तेथील रहिवासी खचून बसले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी विद्याविहारला पदपथावर ठाण मांडले आणि न्यायालयाचे दारही ठोठावले. माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. ज्या दुःखाचे कारण हवेत, घरात किंवा रोजगारात आहे, त्यावरचा उपाय केवळ मनात शोधू नये, हा माहुलचा धडा आहे. आणि घर हलविताना माणसांचे दोरही हलवावे लागतात, हा त्याच धड्याचा दुसरा भाग.

मग आपण काय करू शकतो? ज्याला उठवत नाही, त्याने उद्याचा पूर्ण दिवस जिंकायचा विचार सोडावा. रात्रीच पहिल्या दहा मिनिटांचा क्रम कागदावर लिहून ठेवावा: पाय खाली, पांघरुणाची घडी, तोंडावर पाणी, खिडकी उघडणे, उजेडात पाच मिनिटे उभे राहणे. सकाळचा प्रकाश शरीराच्या घड्याळाला वेळ लावून देतो. म्हणून झोप लागली नसली तरी उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. दहा मिनिटांनंतर परत आडवे व्हावेसे वाटले तर त्यात पराभव मानू नये. दहा मिनिटे झाली, हे त्या दिवसाचे काम झाले. उद्या पंधरा.

घरच्यांनी आणि कार्यकर्त्यांनी दोर व्हावे. "का उठत नाहीस?" असे न विचारता "चहा टाकलाय, गॅलरीत बसू" असे म्हणावे. एखाद्याला रोज सकाळी सातला दारावर टकटक करण्याचे काम आपल्या अंगावर घ्यावे. त्या माणसाला लहानशी जबाबदारीही द्यावी. तुळशीला पाणी, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव मोठी आहे.

आणि घरगुती उपायांची मर्यादाही ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन असेच राहिले, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचे विकार किंवा रक्तक्षय यांमुळेही असा थकवा येतो, तो तपासणीत कळतो. औषध लागले तर ते मधुमेहाच्या औषधाइतक्याच सहजतेने घ्यावे. जगणे नकोसे वाटण्याची भाषा कोणी बोलू लागले तर ती हसण्यावारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

माहुलच्या खाडीत ओहोटी लागते तेव्हा सगळा चिखल उघडा पडतो. प्रथम पाहणाऱ्याला वाटावे, खाडी संपली. हिवाळ्यात याच चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे आपले अन्न शोधतात आणि काही तासांनी पाणी परत येते. कोळ्याला हे ठाऊक असते, म्हणून ओहोटीत तो होडी विकायला काढीत नाही. ती बांधून ठेवतो, जाळे दुरुस्त करतो. आपल्या घरात कोणाच्या मनाला आज ओहोटी लागली असेल, तर उद्या सकाळी त्याच्या उशाशी जावे. आवाज चढवू नये. चहाचा कप ठेवावा, खिडकी उघडावी आणि पाणी येईपर्यंत त्याच्याजवळ बसावे.