‘डॉक्टर आले’, ‘सिस्टर आली’

व्यवसायाशी जोडलेला स्त्री-पुरुषभेद मराठीत दोन जागी दिसतो: नामात आणि क्रियापदात. चर्चा बहुधा नामापाशीच थांबते. शिक्षक-शिक्षिका, गायक-गायिका या जोड्या रुळलेल्या आहेत. डॉक्टर, वकील, सरपंच, न्यायाधीश ही नामे दोघांनाही चालतात. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ आणला, तेव्हा मराठी क्रीडापानांना काही बदलावे लागले नाही. ‘फलंदाज’ आधीपासून दोघांचा होता. पण तो बाद ‘झाला’ की ‘झाली’, हे ठरवल्याशिवाय मराठी वाक्य पुरे होत नाही. खरी अडचण आहे ती इथे.

याच क्रियापदावर आदरही बसतो. दवाखान्यात सहज कानावर पडते: ‘डॉक्टर आले का?’ आणि ‘सिस्टर आली का?’ एकाला आदरार्थी अनेकवचन, दुसरीला एकवचन. डॉक्टर स्त्री असेल तर ‘डॉक्टर आल्या’. शाळेत मात्र बाई ‘आल्या’च असतात. म्हणजे स्त्रियांचा व्यवसाय म्हणून आदर कमी, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. लिंग आणि कामाची प्रतिष्ठा यांची गुंतागुंत आहे. वॉचमनही ‘आला’च असतो.

शुश्रूषेच्या क्षेत्रात सरकारी पदनामेच स्त्रीलिंगी घडली: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. पुरुष या कामात आले तेव्हा वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणू लागले आणि कागदोपत्री ‘अधिपरिचारक’ आला. पुरुषांच्या मानलेल्या कामात स्त्रिया शिरल्या तेव्हा नवे नाम क्वचितच घडले. जुन्याच नामामागे ‘महिला’ लागले. महिला वाहक, महिला पोलीस, महिला लोको पायलट. आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. पहिलेपण हीच बातमी असते तिथे ‘महिला’ हवेच. ‘महिला वाहकाने सुट्टे पैसे परत केले’ या वाक्यात त्या शब्दाचे काम काय, हे सांगणे अवघड आहे.

मानाच्या पदांचा घोळ वेगळा. कुसुमावती देशपांडे १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या; संमेलनाचे अध्यक्षपद स्त्रीकडे येण्याची ती पहिलीच वेळ. तारा भवाळकर २०२५ साली दिल्लीत झाल्या. तरी ‘संमेलनाध्यक्ष’ लिहावे की ‘संमेलनाध्यक्षा’, यावर एकमत नाही. पद व्यक्तीचे नसून संस्थेचे असते, हे लक्षात घेता ‘अध्यक्ष’ अधिक सरळ वाटते.

‘तो/ती आला/आली’ अशी तिरप्या रेघांची वाक्ये कोणी मोठ्याने वाचू शकत नाही. त्यापेक्षा मराठीच्या व्याकरणात तयार वाटा आहेत. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ या रूपांत लिंग दिसत नाही. ते दिसते फक्त ‘ते’ आणि ‘त्या’ यांत. ‘येतात’, ‘येतील’, ‘आम्ही आलो’, ‘तुम्ही आलात’ ही रूपेही दोघांना सारखीच. ‘मुलं आली’, ‘माणसं जमली’ यांतले नपुंसकलिंगी अनेकवचन तर घराघरांत मुलगे-मुली, बाया-बापे सगळ्यांना एकत्र सामावून घेते. नोकरीच्या जाहिरातीत ‘उमेदवार पदवीधर असावा, त्याला संगणक वापरता यावा’ असे असते. ‘उमेदवारांकडे पदवी असावी, त्यांना संगणक वापरता यावा’ लिहिले की अर्थ तोच राहतो आणि कोणी बाहेर राहत नाही.

स्त्री वा पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या व्यक्तींपुढे हा प्रश्न अधिक अवघड होतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. महाराष्ट्रातील पोलीस भरतीच्या अर्जात तरीही दोनच पर्याय होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरून शासनाला फैलावर घेतल्यावर तिसऱ्या पर्यायाची सोय झाली. प्रौढ माणसाला नपुंसकलिंगी एकवचन लावणे मराठीत अपमानच ठरते, त्यामुळे ती वाट बंद. बोलताना त्या व्यक्तीने स्वतःसाठी ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी जे रूप घेतले असेल, त्याला जुळणारे क्रियापद वापरतात. अर्जाखालच्या ‘मी असे जाहीर करतो/करते की’ या ओळीला तेवढीही खटपट लागत नाही. ‘मी असे जाहीर करीत आहे की’ या वाक्याखाली कोणालाही सही करता येते.