टंकलेखनातील संक्षेप : वेग आणि विश्वासार्हता

(ग्रामपंचायतींच्या लिपिकांपुढे प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणावरून)



ग्रामसभा दोन तासांत संपते. परंतु तिचे ध्वनिमुद्रण ऐकून इतिवृत्त टंकलिखित करण्याचे काम दोन-दोन दिवस रेंगाळते, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. बोलणे पुढे जाते, हात मागे पडतो, ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा थांबवावे लागते आणि अखेरीस कंटाळून मजकूर आखूड केला जातो. त्यात कोणाचे तरी म्हणणे गळते. म्हणून टंकलेखनाचा वेग हा केवळ आपल्या सोयीचा प्रश्न नाही.

यावर एक साधा उपाय आहे. ठरावीक दोन-तीन अक्षरे टंकित करावीत आणि संगणकाने त्या जागी पूर्ण शब्द अथवा वाक्य उमटवावे, अशी ही योजना. कल्पना नवी नाही. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लघुलेखनात नेहमीच्या शब्दांना छोट्या खुणा होत्या. आपल्या जुन्या मोडी कागदपत्रांतही वारंवार येणारे शब्द तोडून लिहीत. पत्राच्या मायन्यातील 'रा. रा.' हे त्याचेच रूप. तेथे संक्षेप वाचणाऱ्याने उलगडावयाचा असे. येथे तो संगणक उलगडतो, एवढाच फरक.

लाभ किती, हे मोजून पाहावे. 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम' हे शब्द काना, वेलांटी, हलन्त आणि मधल्या मोकळ्या जागा धरून 30 वेळा कळ दाबल्यावर उमटतात. त्यासाठी 'मगअ' हा संक्षेप ठरविला, तर 3 कळा पुरतात. असे 20 उल्लेख आले, तर 600 च्या जागी 60. शिवाय अधिनियमाचे नाव दर वेळी शुद्ध उमटते.

ही सोय बहुधा आपल्या संगणकात आधीपासूनच असते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग' या क्रमाने गेल्यास 'ऑटोकरेक्ट'ची यादी उघडते. डावीकडे संक्षेप व उजवीकडे पूर्ण मजकूर भरावा. लिबर-ऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये 'टूल्स'खाली 'ऑटोटेक्स्ट' आहे. तेथे संक्षेप टंकित करून एफ-3 ही कळ दाबावी लागते. मजकूर मात्र युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधील मजकुरात युनिकोडचा संक्षेप उलगडला, तर कागदपत्राची खिचडी होईल.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. आपले शब्द प्रत्यय लागताना रूप बदलतात. 'गपं'चे 'ग्रामपंचायत' झाले. पण वाक्यात हवे असते 'ग्रामपंचायतीच्या'. ऑटोकरेक्टमध्ये मोकळी जागा सोडल्यावर शब्द उलगडतो, म्हणून प्रत्यय जोडण्यास मागे यावे लागते. त्यावर उपाय असा, की नेहमीच्या रूपांना स्वतंत्र संक्षेप द्यावेत : 'गपं' म्हणजे 'ग्रामपंचायत' आणि 'गपंच' म्हणजे 'ग्रामपंचायतीच्या'. दुसरी दक्षता म्हणजे भाषेत मुळात असलेला शब्द संक्षेप म्हणून घेऊ नये. 'सर'चे 'सरपंच' केले, तर शाळेतील सर इतिवृत्तात सरपंच होऊन बसतील!

पहिल्याच दिवशी शंभर संक्षेप करू नयेत. ते लक्षात राहत नाहीत. आपलीच मागील तीन इतिवृत्ते काढावीत, वारंवार आलेले वीस शब्द निवडावेत आणि त्यांची यादी कळफलकाशेजारी लावावी. आधार क्रमांकासारखी खासगी माहिती मात्र संक्षेपात कधीही साठवू नये. कार्यालयातील संगणक अनेकजण वापरतात.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती माझ्याच चुकीतून शिकलो. 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला' या वाक्याला मी 'सम' असा संक्षेप दिला होता. एका सभेचे इतिवृत्त त्या जोरावर झपाट्याने पुरे केले. पुढे काही कारणाने ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, तेव्हा सार्वजनिक नळाच्या जागेला एका बाईंनी घेतलेली हरकत स्पष्ट ऐकू आली. वस्तीपासून ती जागा लांब पडते, असे त्या म्हणत होत्या. कागदावर मात्र 'सर्वानुमते'! लबाडी कोणी केली नव्हती. बोटांना सवय लागली होती आणि कान ऐकेनासे झाले होते. पुढील सभेत दुरुस्ती मांडली. परंतु ती वेळ यावयास नको होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो : नावांचे, कायद्यांचे व पदांचे संक्षेप करावेत, निर्णयाचा संक्षेप करू नये. ठरावासाठी संक्षेप हवाच असेल, तर तो रिकाम्या जागा उमटविणारा असावा. सूचक, अनुमोदक, बाजूने, विरोधात आणि हरकतीचा आशय अशा पाच ओळी येऊ द्याव्यात व त्या प्रत्येक वेळी ऐकून हाताने भराव्यात. काम संपल्यावर छापील प्रत समोर ठेवून ध्वनिमुद्रण एकदा न थांबविता ऐकावे. संक्षेपांनी वाचविलेल्या वेळातील थोडा वेळ येथे खर्च करणे हे आपले कर्तव्यच आहे.

मित्रहो, सभेत उठून बोलण्यास पुष्कळांना धीर करावा लागतो. त्यांचे शब्द कागदावर जसेच्या तसे पोहोचविण्यासाठी यंत्राची मदत अवश्य घ्यावी. मात्र सभेत जे कोणी बोललेच नाही, ते यंत्राच्या सोयीखातर इतिवृत्तात येऊ देऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.