आर्येला हवा समूहाचा कंठ

(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



बारामती आणि इंदापूर हे तालुके आज ऊस, द्राक्षे आणि नीरा डाव्या कालव्यासाठी ओळखले जातात. परंतु याच भूमीत मराठी कवितेचे दोन थोर प्रवाह नांदत आले आहेत. त्यांतील एक आजही दुमदुमतो आहे. दुसरा मात्र पाठ्यपुस्तकापुरता उरू लागला आहे.

पहिला प्रवाह तुकोबांच्या अभंगाचा. १६८५ साली नारायण महाराजांनी सुरू केलेला पालखी सोहळा बारामती, बेलवाडीचे रिंगण, इंदापूर असा पंढरीस जातो. तेथे अभंग गाते ती अवघी दिंडी. मोठ्या अभंगाची घडणच समूहाला सोयीची आहे. सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा. लघुगुरूचे बंधन नाही, आणि ध्रुवपद सर्वांनी उचलावयाचे.

दुसरा प्रवाह मोरोपंतांचा. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावला आणि १७९४ मध्ये येथेच निवर्तला. त्यांची आर्या पुराण-कीर्तनातून लोकांपर्यंत पोचली. कीर्तनकार ती चालीवर म्हणे आणि लगेच अर्थ उलगडून सांगे. कीर्तनाचा श्रोतृवर्ग आटला, तशी आर्याही अबोल झाली.

तिला समूहगानातून पुन्हा वाचा देता येईल काय? मार्ग अनोळखी नाही. संगीतकार वसंत देसाई यांनी शालेय मुलांच्या समूहगानासाठी मोठे परिश्रम घेतले. सलील चौधरी यांनी १९५८ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे यूथ कॉयर’ उभे करून एकाच गीतात निरनिराळ्या स्वरपंक्ती गुंफल्या. मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी भारतींच्या कविता वृंदगानाच्या रूपाने मंचावर आणल्या.

मात्र आर्येचा स्वभाव अभंगाहून वेगळा आहे. मोरोपंतांच्या बहुतेक आर्या गीती या प्रकारातील असून त्यांच्या प्रत्येक अर्ध्यात १२ आणि १८ मात्रा असतात. लघु अक्षर एका मात्रेचे, गुरू दोन मात्रांचे. चालीसाठी लघु अक्षर ताणले, तर वृत्त मोडते. दीर्घ समास भलत्या ठिकाणी तोडला, तर अर्थ हरवतो. त्यात दोन गट निरनिराळ्या गतीने गाऊ लागले, तर श्रोत्याला केवळ नाद ऐकू येतो, कविता ऐकू येत नाही.

म्हणून क्रम कीर्तनाचाच ठेवावा. प्रथम एकाने आर्या स्पष्ट म्हणावी आणि तिचा अर्थ सांगावा. मग सर्वांनी ती एका सुरात म्हणावी. दुसरी स्वरपंक्ती जोडावयाची, ती विरामाच्या जागी. उच्चाराच्या सरावासाठी तर पंतांनीच निरोष्ठ रामायण लिहून ठेवले आहे. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरे नाहीत. ओठाला ओठ न लावता ते म्हणता येते. मुलांना असा खेळ नक्की आवडेल.

याला मोठा खर्च लागत नाही. शाळेची पेटी, तबला आणि आठवड्यातील एक तास पुरे. पंचायतींनी एक काम मात्र लांबणीवर टाकू नये. आर्या जुन्या चालीवर म्हणणारे वृद्ध गावात असतील, तर त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. छापलेले शब्द ग्रंथालयात टिकतील. चाल माणसाबरोबर जाते.