मानसशास्त्राचे शिक्षण आणि पूर्वतयारीचे वर्ष

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पिंपळगाव राजा येथे केलेले भाषण)



‘मुलांचे पुढील शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. तथापि या पंचक्रोशीतील मुलांच्या दोन पिढ्या आमच्या हाताखालून गेल्या. त्या आधारावर आज मानसशास्त्राच्या उच्च शिक्षणाविषयी, व त्यापूर्वी आमच्या मुलांस लागणाऱ्या एका वर्षाविषयी आम्ही बोलणार आहोत.

मानसशास्त्र म्हटले की ‘वेड्यांच्या डॉक्टरांचे शास्त्र’ असा समज आपल्याकडे रूढ आहे. नागपूरचे मनोरुग्णालय 1864 पासूनचे. त्याच्या नावाने थट्टा करण्याची सवय विदर्भात जुनी आहे. वास्तविक मनोविकारांवर औषध देणारा तो वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ निराळा. स्मरण, अवधान, बुद्धी, भीती, दुःख, सवयी यांचा तो शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करतो व मनुष्यास बोलते करून मार्ग दाखवितो. जर्मनीत लाइपझिग येथे व्हुंट यांनी 1879 साली प्रयोगशाळा काढली, तेथून हे शास्त्र स्वतंत्र झाले; आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने 1916 मध्ये त्याचा विभाग उघडला.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. फ्रान्समध्ये बिने यांनी 1905 साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. ती जशीच्या तशी आपल्या मुलांस लावून भागणार नाही, हे ओळखून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर सिद्ध केले. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तीही या शास्त्राचा आधार घेऊनच. कामतांच्या कार्यातून एक बोध मिळतो. मन जाणावयाचे तर ज्याचे मन त्याची भाषा यावी लागते.

आता आपल्या घरचा विचार करू. आपला बुलढाणा जिल्हा कापूस-सोयाबीनचा. पाऊस लांबला, भाव पडला, कर्ज थकले की घरातील कर्ता पुरुष अबोल होतो. आणि पुढे काय घडते ते या सभेत सांगावयास नको. शासनाने 2015 च्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला; त्यात आपला जिल्हा होता. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा देशभर सुरू झाली आहे; 14416 हा तिचा क्रमांक प्रत्येकाने घरात लिहून ठेवावा. परंतु क्रमांक फिरविल्यावर पलीकडे ऐकणारा मनुष्य लागतो. आपला शेतकरी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘काई सुदरून नाई रायलं’. या चार शब्दांचे वजन ज्यास कळते, असा शिकलेला मनुष्य आपल्या गावांतून निघाला पाहिजे. शहरातून तो आयात करता येणार नाही.

मग हे शिक्षण कसे घ्यावे? बारावी कोणत्याही शाखेतून झालेल्या मुलास कला शाखेत हा विषय घेता येतो. आपला जिल्हा पूर्वी 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. 1983 पासून तो अमरावती विद्यापीठात आहे आणि तेथेही पदवीला मानसशास्त्र घेण्याची सोय आहे. पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. रुग्णालयात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे तर त्यापुढेही विशेष प्रशिक्षण व भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक आहे. केवळ पदवी घेऊन कोणी समुपदेशक होत नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे.

येथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. घरी बसून, दूरशिक्षणाने हा विषय शिकण्याची वाट आजवर मोकळी होती. आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांसाठी 2021 मध्ये झालेल्या कायद्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे दूरस्थ प्रवेश बंद केले. विषय प्रत्यक्ष शिकावा, प्रयोग हाताने करावेत, हा त्यामागील विचार योग्यच आहे. पण परिणाम असा की, खेड्यातील मुलास, विशेषतः मुलीस, आता गाव सोडून महाविद्यालयात जावेच लागेल. आणि खोलीभाडे, खानावळ हा खर्च आलाच.

महाविद्यालयात गेल्यावर मूल अडते कोठे? बुद्धीत अडत नाही. ते इंग्रजी ग्रंथांपाशी अडते आणि संख्याशास्त्रापाशी अडते. मानसशास्त्रात मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध यांवाचून पाऊल पुढे पडत नाही, ही गोष्ट कला शाखेच्या मुलास कोणी सांगितलेलीच नसते. पहिल्या सहामाहीत ते गांगरते, दुसऱ्या सहामाहीत विषय बदलते, आणि घरी येऊन म्हणते, ‘गुरुजी, तो विषय आपला नव्हे.’ हे वाक्य आम्ही एकाहून अधिक मुलांच्या तोंडून ऐकले आहे.

या अडचणीवर उपाय आहे. इंग्लंडातील अनेक विद्यापीठांत पदवीच्या तीन वर्षांआधी पायाभरणीचे एक वर्ष जोडतात. ज्याची पूर्वतयारी अपुरी, त्यास त्या वर्षात भाषा, गणित व अभ्यासाची रीत शिकवून मग पदवीच्या वर्गात बसवितात. आपणांसही ही कल्पना नवी नव्हे. दहावी-बारावीची आजची रचना येण्यापूर्वी मॅट्रिकनंतर एक वर्ष ‘प्री-युनिव्हर्सिटी’ म्हणून करावे लागे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ते केले असेल. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने, 1989 मधील स्थापनेनंतर, बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम चालविला, तोही याच तत्त्वावर.

यास्तव आमची मंडळास सूचना आहे. आपला शिष्यवृत्ती निधी आजवर अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांपुरता ठेवला गेला. शेगावला 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्याचा लाभ या भागातील कित्येक घरांनी घेतला. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दरवर्षी एक मुलगा व एक मुलगी मानसशास्त्रासाठी निवडावी, आणि पदवीच्या वर्षांबरोबर त्याआधीच्या एका तयारीच्या वर्षाचाही खर्च द्यावा. त्या वर्षात मुलाने रोज इंग्रजी वाचन करावे, शालेय गणित पक्के करून संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावी, अंगणवाडीत बसून बालकांचे निरीक्षण लिहावे. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सामायिक प्रवेश परीक्षा आहे, तिचीही तयारी व्हावी. शिकविण्यासाठी समाजातील आम्ही निवृत्त शिक्षक विनामूल्य येऊ. खोली आणि पुस्तके मंडळाने द्यावीत.

‘वर्ष वाया जाईल, मुलीचे लग्न लांबेल,’ असे कोणी म्हणतील. त्यांस आमचे एवढेच सांगणे : आपण शेतकरी आहोत. उन्हाळ्यात नांगरून, वखरून तापविलेल्या काळ्या रानात त्या महिन्यांत काहीच उगवत नाही. म्हणून ती मशागत वाया गेली असे आपण म्हणतो काय? उलट मशागतीवाचून पेरणाऱ्यास दुबार पेरणीचे संकट भोगावे लागते. पहिल्या वर्षी गळालेले मूल म्हणजे दुबार पेरणीच होय, आणि तिचे बियाणे बाजारात मिळत नाही.

समाजाने आजवर मंदिर बांधले, सामुदायिक विवाह लावले, गुणवंतांचे सत्कार केले. ही सारी कार्ये चांगलीच. आता ज्याच्यापाशी बसून आपला दुःखी माणूस आपल्या भाषेत मोकळा होईल, असा एक तरी सुशिक्षित तरुण वा तरुणी आपण घडवावी. सात-आठ वर्षांनी ती व्यक्ती याच पंचक्रोशीत बसून एका जरी घराचा कर्ता वाचवील, तर निधीतील पै न् पै सार्थकी लागली असे समजावे. सूचनेचा विचार याच बैठकीत व्हावा, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!