नाणेघाटची खिंड आणि खिशातला फोन



वसंतातल्या संध्याकाळी वक्त्याने इतिहासावर किंवा संतकाव्यावर बोलावे, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्त आहे. मी मात्र आज आपल्याला आपल्याच खिशातल्या फोनच्या पोटात नेणार आहे. तरी सुरुवात इतिहासापासूनच करतो, म्हणजे अगदीच हिरमोड होणार नाही.

मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागले की वैशाखरे गाव येते आणि पुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते. त्या भिंतीत नाणेघाटची खिंड आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी या वाटेने जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. आता असे पाहा, कोकण आणि देश यांना वेगळे ठेवले ते डोंगराने. पण डोंगरात खिंड नसती तर व्यापार झाला नसता. आणि खिंडीखेरीज वाटेल तिथून चढता आले असते, तर जकातदाराला कोणी विचारले नसते. भिंत हवी, खिंडही हवी, आणि खिंडीवर माणूस हवा. माझ्या विषयाचे सारे सार एवढ्यात आहे.

फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक कारभारी असतो. आपण एखादे अ‍ॅप उघडले की त्याचे काम सुरू होते. त्या चालत्या कामाला ‘प्रोसेस’ म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये अँड्रॉइड आहे. २००८ साली तो बाजारात आला तेव्हापासून त्याचा शिरस्ता असा, की प्रत्येक अ‍ॅपला जणू तो स्वतंत्र माणूसच आहे असे मानून वेगळा क्रमांक द्यायचा. एकाच्या खोलीतले कागद दुसऱ्याला दिसत नाहीत. या कोंडणीला ‘सँडबॉक्स’, म्हणजे वाळूची पेटी, म्हणतात. लहान मुलाने पेटीत हवा तेवढा धुडगूस घालावा, वाळू घरभर होऊ नये, ही त्यामागची कल्पना.

पण नुसते कोंडून भागत नाही. दुकानाच्या अ‍ॅपला पैसे घ्यायचे तर पैशांच्या अ‍ॅपला हाक मारावी लागते. म्हणून खिंड ठेवली आहे. अँड्रॉइडमध्ये तिला ‘बाइंडर’ म्हणतात. एक प्रोसेस दुसरीच्या खोलीत हात घालू शकत नाही. ती आपली चिठ्ठी सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे ‘कर्नल’कडे देते. कर्नल ती पोचवतो आणि सोबत पाठवणाऱ्याचा क्रमांक सांगतो. हा क्रमांक पाठवणाऱ्याने लिहिलेला नसतो, कर्नलनेच लावलेला असतो. त्यामुळे खोटे नाव सांगण्याची सोय नाही. शिवाय २०१४ पासून एक नियमांची वहीही सक्तीची झाली. कोणाशी कोणी बोलावे हे तीत लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही, त्याला मनाई.

याचे रोजचे उदाहरण यूपीआयचे. २०१६ साली ही व्यवस्था आली. पैसे देताना आपण पिन टाकतो ते पान त्या अ‍ॅपचे स्वतःचे नसते. राष्ट्रीय देयक महामंडळाने सर्वांना दिलेल्या सामाईक भागाचे असते. पिन तिथेच कुलूपबंद होतो आणि बँकेकडे जातो. ज्याच्या दारातून तो गेला त्या अ‍ॅपलाही तो कळत नाही. हमालाने पेटी वाहावी, पण किल्ली त्याच्याकडे नसावी, तसे हे आहे.

मग इतका बंदोबस्त असून चोऱ्या होतात कशा? भिंत फोडून क्वचित होतात. बहुतेक खिंडीतूनच होतात.

पहिली वाट सामाईक ओटीची. अनेक अ‍ॅप्स आपली सामग्री सर्वांना खुल्या अशा साठ्यात ठेवीत. तिथे एकाने ठेवलेले दुसऱ्याने बदलले, तर मूळ धनी ते विश्वासाने उचलून घरात नेणार. २०१८ साली संशोधकांनी हा दोष दाखवून दिला, आणि २०१९ च्या आवृत्तीपासून तो ओटा बराच आकुंचित केला गेला.

दुसरी वाट संगनमताची. एका अ‍ॅपला आपले ठिकाण कळते पण बाहेर बोलता येत नाही. दुसऱ्याला बाहेर बोलता येते पण ठिकाण कळत नाही. दोघे आतून एक झाले, तर आपण कोणालाच न दिलेली परवानगी दोघांना मिळून मिळते.

तिसरी वाट फार सूक्ष्म आहे. बटलर लॅम्पसन या शास्त्रज्ञाने १९७३ सालीच सांगून ठेवले की, कोंडलेला कार्यक्रम एक शब्दही न बोलता बातमी बाहेर देऊ शकतो. एखादी फाइल तो ठराविक वेळाने अडवतो आणि सोडतो. पाहणाऱ्याला तीच खूण. इतकेच काय, कामाच्या बिलाच्या आकड्यातूनही निरोप जाऊ शकतो. ही केवळ तर्कटे नव्हेत. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला, तेव्हा काही गोष्टींना किती वेळ लागतो हे मोजून दुसऱ्याचे गुपित काढता येते, हे साऱ्या जगाने पाहिले. ही वाट पूर्ण बुजवणे आजही साधलेले नाही.

चौथी वाट भोळ्या मुनिमाची. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली तिला ‘गोंधळलेला मुनीम’ अशा अर्थाचे नाव दिले. मुनिमाकडे तिजोरीची किल्ली आहे. आपल्याला तिजोरीला हात लावता येत नाही, पण मुनिमाला गोड बोलून चिठ्ठी दिली, तर तो आपल्या हक्काने आपले काम करून टाकतो. जकातदार विचारतो, ‘तू कोण?’ ‘तुला हे कोणासाठी हवे आहे?’ असे तो विचारीत नाही.

आता माझ्या नात्यातलीच एक गोष्ट सांगतो. आमच्या एका काकांना ओळखीच्या गटावरून एक फाइल आली: गाडीचे चलन आहे, उघडून पाहा. काकांकडे जुनी मोटारसायकल. त्यांना खरेच वाटले. अ‍ॅप बसले आणि त्याने विचारले, ‘संदेश वाचण्याची परवानगी द्यायची का?’ काकांनी ‘हो’ म्हटले. मग बँकेचे ओटीपी येत गेले आणि काकांच्या आधी ते दुसऱ्याच्या हाती पडत गेले. विहीर खणण्यासाठी जमवलेले पैसे रात्रीतून गेले. पुढे फोन तपासला, तर कुठलीच भिंत फुटलेली नव्हती. कर्नलने प्रत्येक चिठ्ठी नियमाप्रमाणे पोचवली होती. खिंडीवर शेवटी बसवलेले जकातदार आमचे काकाच होते, आणि त्यांना कोणी ते सांगितलेच नव्हते.

काका मला म्हणाले, “अरे, ते विचारत होतं म्हणून मला वाटलं, सरकारी असेल.” या वाक्यावर हसू नका. परवानगी मागणारा माणूस सभ्य असतो, हीच आपली शिकवण आहे.

कोणी म्हणेल, मग असल्या परवानग्या बंदच करा. ते इतके सोपे नाही. दृष्टिहीन बांधवांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एक सेवा असते. तिला दुसऱ्या अ‍ॅपचा पडदा वाचण्याची आणि त्यावरची बटणे दाबण्याचीही मुभा लागते. तीच मुभा चोराच्या हाती गेली तर फोन त्याचा होतो. पण ती काढून घेतली तर अंध माणसाचा फोन मुका होतो. म्हणून २०२२ च्या आवृत्तीत मधला मार्ग काढला: बाहेरून आलेल्या फाइलीतून बसवलेल्या अ‍ॅपला ही मुभा सहजासहजी देता येत नाही, त्यासाठी मुद्दाम आणखी एक कडी काढावी लागते. दार राहिले, उंबरठा उंच झाला. मला हे धोरण शहाणपणाचे वाटते. जेवढे काम, तेवढाच अधिकार. आणि काम संपले की अधिकारही संपला पाहिजे.

यात सारा भार काकांसारख्यांवर टाकून मोकळे होणे मात्र मला मान्य नाही. जे अ‍ॅप बांधतात त्यांनी कमीत कमी मागावे, जे सिस्टिम बांधतात त्यांनी धोक्याचा प्रश्न धोक्याच्या भाषेत आणि आपल्या मराठीत विचारावा. ते होईपर्यंत आपल्या हाती आहे तेवढे आपण करू. आज घरी गेल्यावर फोनची सेटिंग्ज उघडा. संदेश कोण वाचते आणि पडदा कोण वाचते, एवढ्या दोनच याद्या पाहा. ज्याचे नाव ओळखीचे नाही, त्याची परवानगी काढा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरही, त्यांना शेजारी बसवून, हेच करा.