शिंगवाला शिकारी आणि आपला काळा दगड

2018 साली आलेल्या ‘ज्युरासिक वर्ल्ड: फॉलन किंग्डम’ या चित्रपटातलं बेट अनेकांना आठवत असेल. बेटावरचा डोंगर फुटतो, जनावरं सैरावैरा धावतात आणि त्या धावपळीतही डोळ्यांवर दोन शिंगं असलेला एक मांसाहारी डायनासोर दुसऱ्यांवर चालून जातो. त्याचं नाव कार्नोटॉरस, म्हणजे मांस खाणारा बैल. ते बेट काल्पनिक आहे, पण ज्वालामुखी आणि शिंगवाला शिकारी ही जोडी काल्पनिक नाही. ती आपल्या देशात खरोखर एकत्र आली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या दुसरबीडच्या शेतात जी काळी माती आहे, विहीर खणताना जो काळा कातळ लागतो, तो त्याच ज्वालामुखीचा आहे. म्हणून या प्राण्याची ओळख आपण पडद्यावरून नव्हे, दगडावरून करून घ्यावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी शिंगांचं पाहू. खरा कार्नोटॉरस अर्जेंटिनात सापडला आणि होसे बोनापार्ट यांनी 1985 साली त्याला नाव दिलं. त्याच्या शिंगांची हाडं जेमतेम 15 सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरही नाहीत. भक्ष्याला भोसकायला ती अपुरीच. कवटीचा अभ्यास करणाऱ्यांपैकी अनेकांचा कल असा आहे की ही शिंगं आपल्याच जातीच्या प्रतिस्पर्ध्याला रेटण्यासाठी किंवा ओळख दाखवण्यासाठी असावीत. आपल्याकडे दोन बैल डोक्याला डोकं लावून एकमेकांना मागे ढकलतात ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. याच कुळातला आपला प्राणी म्हणजे राजासॉरस नर्मदेन्सिस. गुजरातमधल्या बालासिनोरजवळ रहियोली इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची हाडं गोळा केली. जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो आणि श्रीवास्तव यांच्या चमूने 2003 साली त्याला नाव दिलं. याला शिंग एकच, तेही कपाळावरच्या बुटक्या गोल टेंगळासारखं. मादागास्करच्या माजुंगासॉरसलाही असाच उंचवटा होता. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याची खूण या प्राण्यांच्या कपाळावर अशी उमटलेली आहे.

आता ज्वालामुखी. चित्रपटात एक शंकूसारखा डोंगर फुटतो आणि घटकाभरात सगळं संपतं. दख्खनचा लाव्हा असा आला नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो वाहिला, पसरला, थिजला आणि थांबला. मग पुन्हा वाहिला. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात माती तयार झाली, तळी साचली, झाडं वाढली. अनेक विहिरींच्या आणि घाटरस्त्यांच्या कापात काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा जो पट्टा दिसतो, तो अशाच एका थांब्याचा. कच्छमध्ये अंजार इथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली आहेत. म्हणजे पहिला लाव्हा आला आणि सगळे मेले, असं घडलं नाही. लाव्ह्याच्या शेजारी ते काही काळ तरी जगत होते, अंडी घालत होते. मला चित्रपटातल्या स्फोटापेक्षा हे चित्र कितीतरी मोठं वाटतं.

यावर कोणी म्हणेल, रहियोली गुजरातेत, बुलढाण्यात एक हाडही सापडलेलं नाही, मग हा प्राणी आपला कसा? आक्षेप रास्त आहे. राजासॉरस दुसरबीडच्या जागी फिरत होता, असा दावा मी करणार नाही. पण हाडं ज्या लॅमेटा थरात मिळतात तो थर लाव्ह्याच्या खाली असतो आणि लाव्ह्याच्या कडेला, जिथे तो विरळ आहे तिथेच उघडा पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात असं झालं आहे. तिथल्या डोंगरगावला मिळालेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरला 1997 साली नाव मिळालं, तो आज इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळाले. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे 2005 साली जगाला कळलं. आपल्या तालुक्यात हाडं दिसत नाहीत याचं सरळ कारण म्हणजे वरचं जाड काळं झाकण. तेवढ्यावरून खाली काही नाही असं ठरत नाही, आणि आहेच असंही ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की चित्रपट करमणुकीसाठी असतो, त्याची इतकी चिकित्सा कशाला? करमणुकीशी माझं भांडण नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात राजासॉरसच्या नावाची जलसफर आहे, तिच्यामुळे हे नाव कितीतरी मुलांच्या तोंडी गेलं असेल. पण चित्रपट पाहून मूल घरी येतं तेव्हा दाराबाहेरचा दगडही त्याच गोष्टीचा भाग आहे, हे त्याला कोणी सांगायला हवं. नाहीतर हाती आलेली वस्तूही ओळखू येत नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी शेतात मिळालेले गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव म्हणून. ते डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म असल्याचं तज्ज्ञांनी ओळखलं. त्या श्रद्धेला मी हसणार नाही, तिच्यामुळे ती अंडी फुटायची वाचली.

म्हणून माझी विनंती शेतकऱ्यांना, विहीर खणणाऱ्यांना आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना आहे. काळ्या दगडांच्या मधल्या मऊ थरात शिंपला, लाकडाच्या रेषा असलेला दगड किंवा हाडासारखं काही दिसलं, तर ते फोडू नका, जागेवरून हलवू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि शाळेतल्या शिक्षकांमार्फत किंवा तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.